खोक्यावर 'गोठवू नका', कारखान्यात मात्र मायनस ७०: प्रथिन-औषधं गोठवण्याचा हा काय प्रकार आहे?

पिपेटवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

चार वर्षं क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये काढली आणि तीन महिन्यांपूर्वी प्रोसेस डेव्हलपमेंटला आलो. काम मोनोक्लोनल अँटिबॉडीचं, म्हणजे एकाच साच्याच्या प्रतिपिंडांच्या औषधाचं. पेशींनी बनवलेलं प्रथिन गाळून, शुद्ध करून शेवटच्या बफरमध्ये (पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर धरणाऱ्या द्रावणात) आणलं की त्याला आम्ही ड्रग सबस्टन्स म्हणतो, बोलताना नुसतं 'बल्क'. हे बल्क १० लिटरच्या कॅरबॉयमध्ये (प्लास्टिकच्या मोठ्या कॅनमध्ये) भरून मायनस ७० च्या फ्रीजरमध्ये जातं. काही महिन्यांनी बाहेर काढायचं, वितळवायचं आणि सिरिंज भरायला पाठवायचं.

त्याच सिरिंजच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं: २ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका. गोठलेलं औषध वापरू नका, असंही. म्हणजे आम्ही गोठवलं तर चालतं आणि पेशंटने गोठवलं तर औषध कचऱ्यात? हे मी सीनियरना विचारलं तर 'आपलं व्हॅलिडेटेड आहे' (म्हणजे तपासून सिद्ध केलेलं) एवढंच उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट जास्त छळतेय. गेल्या महिन्यात एक कॅरबॉय थंड खोलीत दोन दिवस ठेवून वितळवला. वरून पिपेटने नमुना घेतला. एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम प्रथिन हवं होतं, आलं ३८. यंत्र तपासून पुन्हा मोजलं, तरी ३८. मग एकाने कॅरबॉय चांगला हलवला, परत नमुना घेतला, तर बरोबर ५०. डेव्हिएशन (ठरलेल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद) उघडलं, मूळ कारण 'सॅम्पलिंग एरर' लिहिलं आणि बंद केलं. नमुना मीच घेतला होता आणि हात माझा चुकला नव्हता. कुणी समजावेल का?

निवांत_वाचक

जागा धरून बसतो. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण मजा येणार असं दिसतंय.

शीतगृह

पिपेटवाला, तुमचा हात चुकला नव्हता. पण ते नंतर. आधी खोक्याचं.

बल्क गोठवतात ते मुळात सोयीसाठी. प्रथिन बनवणारा कारखाना आणि सिरिंज भरणारा कारखाना यांची वेळापत्रकं जुळत नाहीत, कित्येकदा दोन्ही वेगवेगळ्या देशांत असतात. बल्क द्रवरूपात ठेवलं तर डीअ‍ॅमिडेशन, ऑक्सिडेशन असल्या रासायनिक भानगडी हळूहळू चालू राहतात, जंतूंची धास्ती राहते आणि वाहतुकीत डचमळून फेस येतो तो वेगळाच. हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे प्रथिन उलगडतं आणि एकमेकांना चिकटतं. गोठवलं की डचमळणं संपतं, जंतू वाढत नाहीत आणि रसायनशास्त्र रांगायला लागतं. त्यामुळे बल्कला दोन-तीन वर्षांची मुदत मिळू शकते.

आता सिरिंज. कारखान्यात तेच द्रावण गोठतं तेव्हा कशात गोठलं, किती वेगाने, किती वेळा, हे सगळं आधी तपासलेलं असतं, आणि वितळल्यावर ते पुन्हा चाचण्यांतून जातं. फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटून गोठलेल्या सिरिंजची तपासणी कोण करणार? पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काचेला तडा जाऊ शकतो, आतला रबरी दट्ट्या सरकू शकतो, आणि तो सरकला की निर्जंतुकपणाची खात्री गेली. डोळ्यांना न दिसणारे कण तयार झाले असतील तर दिसणारच नाहीत. आणि काही औषधांत मुळातच गोठणं चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असलेल्या लशी एकदा गोठल्या की त्यांचे कण गुठळ्या धरतात आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. ढगाळ दिसणाऱ्या इन्सुलिनचंही तसंच. त्यामुळे 'गोठवू नका' हा सरसकट नियम बरोबर आहे. कोणतं औषध तगतं आणि कोणतं नाही हे पेशंटने ओळखत बसावं अशी अपेक्षाच चुकीची.

थोडक्यात, 'व्हॅलिडेटेड आहे' हे उत्तर खोटं नाही, आळशी आहे.

नवखी_मी

शिकतेय अजून, त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल. बर्फ तर शुद्ध पाण्याचा होतो ना? मग प्रथिनाला त्याचं काय? ते बिचारं बाजूला राहतं.

शीतगृह

बाजूला राहतं तिथेच तर गोची आहे, नवखीताई. बर्फाच्या स्फटिकात पाण्याशिवाय कुणाला जागा नसते. मीठ, बफर, साखर, प्रथिन, विरघळलेला ऑक्सिजन, सगळ्यांना तो बाहेर ढकलतो. उरलेल्या द्रवात ही सगळी मंडळी दाटीवाटीने कोंबली जातात. याला आम्ही क्रायोकॉन्सन्ट्रेशन म्हणतो.

किती दाटी, ते बघा. साध्या सलाइनमध्ये मीठ ०.९ टक्के. ते मायनस २० ला नेलं तर जो थोडासा द्रव शिल्लक राहतो त्यात मीठ २२ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे जवळजवळ पंचवीसपट. बाहेरून दगडासारखं दिसतं, पण आत बर्फाच्या फटींमधून खारट पाण्याच्या बारीक शिरा वाहत्या असतात. मीठ-पाण्याचं मिश्रण पूर्ण गोठायला मायनस २१ च्या थोडं खाली जावं लागतं.

दुसरा त्रास बर्फाच्या पृष्ठभागाचा. १९९६ मध्ये स्ट्रॅम्बिनी आणि गॅबेलिएरी या इटालियन संशोधकांनी अझ्युरिन नावाच्या प्रथिनाच्या फॉस्फरसन्सवरून (प्रकाश पाडल्यावर मागे रेंगाळणाऱ्या चमकेवरून) दाखवलं की बर्फ तयार झाला की प्रथिनाची घडी सैल पडते. नुसत्या थंडीने नाही, बर्फाच्या सान्निध्याने. म्हणून फॉर्म्युलेशनमध्ये (औषधाच्या मिश्रणात) पॉलिसॉर्बेट नावाचं साबणासारखं रसायन असतं, साधारण ०.०१ ते ०.१ टक्के. ते पृष्ठभागावर आधी जाऊन बसतं आणि प्रथिनाला तिथे जागा मिळू देत नाही.

अर्धवट_रसायनी

तिसरा खलनायक राहिला, पीएच! माझा आवडता.

सोडियम फॉस्फेटचं पीएच ७ चं बफर गोठवा. त्यातला डायसोडियम क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो, आम्लाकडचा भाऊ एकटा मागे राहतो, आणि उरलेल्या द्रवाचा पीएच ४ पर्यंत घसरू शकतो. १९५९ मध्येच व्हॅन डेन बर्ग आणि रोज यांनी हे मोजून ठेवलंय. पोटॅशियम फॉस्फेटमध्ये असा कडेलोट होत नाही. लॅक्टेट डीहायड्रोजनेज हे एन्झाइम फॉस्फेटमध्ये गोठवून मारायचा प्रयोग तर इतका जुना आहे की नवीन क्रायोप्रोटेक्टंटची (गोठताना प्रथिनाला सांभाळणाऱ्या पदार्थाची) परीक्षा अजून त्याच्यावरच घेतात.

म्हणून आजकाल अँटिबॉडीत बहुतेक ठिकाणी हिस्टिडीन बफर दिसतं. अर्थात साखर भरपूर असेल तर फॉस्फेटचे स्फटिकही सहज बनत नाहीत, त्यामुळे फॉस्फेट दिसलं की लगेच छाती पिटायची गरज नाही.

निवांत_वाचक

साखर कशाला? प्रथिनाला गोड लागतं म्हणून?

अर्धवट_रसायनी

हसलो. साखरेची दोन कामं. पहिलं थर्मोडायनॅमिक्सचं. साखर प्रथिनाच्या अंगाशी लगट करत नाही, थोडी दूरच राहते. त्यामुळे प्रथिन उलगडून स्वतःचा पृष्ठभाग वाढवू लागलं की ते ऊर्जेच्या हिशेबात महाग पडतं आणि प्रथिन घडी घालून गप्प बसतं. टिमाशेफ यांनी द्रावणांसाठी मांडलेली ही कल्पना १९८८ मध्ये कार्पेंटर आणि क्रो यांनी गोठवण्याला लावली. दुसरं काम काचेचं. पुरेसं थंड झालं की साखरेचा दाट पाक स्फटिक न होता काचेसारखा घट्ट होतो आणि त्यात अडकलेलं प्रथिन हलूच शकत नाही. सुक्रोजच्या या गोठून दाटलेल्या पाकासाठी ते तापमान मायनस ३२ च्या आसपास, ट्रेहॅलोज या दुसऱ्या साखरेसाठी दोन-तीन अंश वर.

पण मग मायनस ७० चा हट्ट कशाला? पाक मायनस ३२ ला काच होत असेल तर मायनस ४० पुरे. खर्च कमी, यंत्रं जास्त टिकतात. आणि खरं सांगायचं तर मायनस २० वरही कित्येक प्रथिनं वर्षानुवर्षं सुखाने राहतात.

क्यूएताई

मायनस २० च्या नावाने माझ्या कपाळावर आठी येते, रसायनीदादा, सुखाने राहतात त्यांची यादी देता, न राहिलेल्यांची कोण देणार?

नियमाच्या भाषेत मायनस २० म्हणजे मायनस २० अधिक-उणे ५. आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू१ए मार्गदर्शिकेत फ्रीजरसाठी तसंच लिहिलंय. म्हणजे फ्रीजर मायनस १५ ते मायनस २५ मध्ये कुठेही फिरला तरी कागदावर निर्दोष. आता शीतगृह यांनी वर सांगितलेला मिठाचा बिंदू या पट्ट्याच्या मधोमध पडतो! ज्या द्रावणात मीठ खरंच स्फटिक होतं तिथे कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेऱ्यात थोडं वितळणं, थोडं गोठणं. त्यात ऑटो-डीफ्रॉस्टवाला फ्रीजर असेल तर विचारायलाच नको. तापमान नोंदणाऱ्या लॉगरचा आलेख हिरवा आणि आत वर्षभर चाळवाचाळव.

आणि साखरेचा पाक मायनस २० ला काच नसतोच, घट्ट द्रव असतो. ट्रेहॅलोज तिथे महिन्यांच्या हिशेबात हळूहळू डायहायड्रेट होऊन स्फटिकात जातो. राखणदारच झोपी गेला, मग प्रथिनं एकमेकांना चिकटतात. सॉर्बिटॉलचीही तीच कथा. पहिल्या महिन्याचा निकाल सुंदर, तिसऱ्याचा सुंदर, आणि नंतर अचानक एसईसीच्या (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या चाचणीच्या) आलेखात चिकटलेल्या प्रथिनांचं, म्हणजे अ‍ॅग्रीगेटचं शिखर डोकं वर काढतं. २ ते ८ अंशांत ठेवलेला नमुना त्याच्यापेक्षा चांगला निघतो, आणि तेव्हा लोक चक्रावतात. 'जितकं थंड तितकं बरं' हे या पट्ट्यात लागूच होत नाही.

अर्धवट_रसायनी

ट्रेहॅलोजचं मान्य, ताई. माझ्या सुखी मंडळींत सगळी सुक्रोजवाली होती हे लिहायचं राहिलं. मायनस ४० वर मात्र ठाम आहे.

शीतगृह

मायनस ४० वर माझंही भांडण नाही. एकच बघा, फ्रीजरचं दार उघडल्यावर आणि ट्रकमधून ट्रकमध्ये हलवताना हाताशी किती अंश शिल्लक राहतात. काच वितळायच्या बिंदूपासून आठ अंशांवर राहायचं की चाळीस अंशांवर, एवढाच प्रश्न.

हातोडी

मी प्रथिनवाला नाही, यंत्रवाला. तुम्ही सगळे शेवटच्या तापमानावर भांडताय, तिथे पोचायला किती वेळ लागतो ते कुणी विचारत नाहीये.

१० लिटर पाणी धरू. २० अंशांवरून शून्याला आणायला सुमारे ८४० किलोज्यूल काढावे लागतात. गोठवायला ३,३४०. बर्फ झाल्यावर मायनस ७० ला न्यायला आणखी १,३५० च्या आसपास. एकूण साडेपाच हजार. यातला ६० टक्के वाटा एकट्या गोठण्याचा, आणि त्या काळात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) शून्याच्या जरा खाली ठाण मांडून बसलेला असतो.

आता तुमचा तो उभा मायनस ७० चा फ्रीजर. तो गोठलेलं गोठलेलं ठेवण्यासाठी बनवलेला असतो, गरम माल गोठवण्यासाठी नाही. समजा आतून तो खरोखर ३०० वॉट ओढतो. एका कॅरबॉयला ५ तासांहून जास्त. सहा एकदम कोंबले तर ३० तास, तेही उष्णता आरामात बाहेर येते असं धरून. ती येत नाही. मधे प्लास्टिकची भिंत, बाहेर स्थिर हवा, आणि आत बर्फाचा थर जाड होत जातो तसा मधल्या द्रवाचा रस्ता लांबत जातो. थराची जाडी दुप्पट झाली की वेळ चौपटीकडे सरकतो. निदान पंखा तरी हवा.

म्हणून माझा प्रश्न पिपेटवाल्यांना: तुमचे कॅरबॉय एका वेळी किती जातात आणि कुठे ठेवतात?

पिपेटवाला

सहा जातात. एकाच फ्रीजरमध्ये, दोन फळ्यांवर. पंखा नाही. किती वेळात गोठतात हे कुठे लिहिलेलंच नाही. एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) फक्त 'किमान ७२ तास ठेवावे' असं आहे.

हातोडी

झालं तर मग.

शीतगृह

आता तुमच्या ३८ कडे येऊ.

पुढच्या वेळी कॅरबॉय गोठल्यावर झाकण न काढता आडवा उजेड टाकून बघा. कडेला दुधाळ पांढरा बर्फ दिसेल. आत जाल तसा रंग बदलतो आणि मध्यभागी पिवळसर गाभा दिसतो. अँटिबॉडी दाट झाली की तिचा तो रंग. वर मध्यभागी एक उंचवटा असेल. कडा आधी गोठतात, शेवटच्या द्रवाला फुगायला वरचीच दिशा मोकळी राहते, म्हणून तो डोकं वर काढतो. कॅरबॉय काठोकाठ भरू नये ते यासाठीच.

हळू गोठलं की बर्फाची आघाडी सावकाश पुढे सरकते आणि प्रथिन-साखरेला पुढे ढकलत नेते. दाट झालेला द्रव जड असतो, तो तळाकडेही उतरतो. म्हणजे गोठलेल्या कॅरबॉयमध्ये प्रथिन सगळीकडे सारखं नसतंच, तळाशी आणि मधे जास्त, कडेला आणि वर कमी.

वितळताना हे आणखी बिघडतं. साखर-प्रथिनाचा दाट भाग कमी तापमानाला सुटतो, आधी वितळतो आणि खाली जाऊन बसतो. नंतर विरघळणारा, जवळजवळ शुद्ध बर्फ हलका, तो वर तरंगत वितळतो. थंड खोलीत, न हलवता, दोन दिवस! याहून नीट थर लावायचे म्हटलं तरी जमणार नाही. तुम्ही वरच्या थरात पिपेट बुडवली आणि वरचा थर जसा होता तसा मोजला. ३८ हा खरा आकडा होता. फक्त तो अख्ख्या कॅरबॉयचा नव्हता.

वितळलेला कॅरबॉय हलवताना नीट बघितलंत तर आत धूसर, लहरणाऱ्या रेघा दिसतात, पाण्यात साखर विरघळताना दिसतात तशाच. त्या आहेत तोवर मिश्रण झालेलं नाही. त्या गेल्यावरही मी थोडा वेळ चालू ठेवतो आणि वरून-खालून दोन नमुने घेतो. जोरात मात्र नाही. फेस आणलात तर आगीतून उठून फुफाट्यात.

क्यूएताई

आणि हे 'सॅम्पलिंग एरर' म्हणून बंद केलं! अळीमिळी गुपचिळी. मूळ कारण वितळवण्याच्या पद्धतीत आहे, माणसात नाही. त्यामुळे जो पुढचा माणूस तिथे पिपेट बुडवेल त्याचंही तेच होणार. मिश्रण न करता त्यातूनच सिरिंज भरायला घेतल्या असत्या तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या सिरिंजमध्ये डोस वेगळा गेला असता. हे कुणाच्या लक्षात आलं का?

माझं स्पष्ट मत: बंद केलेलं डेव्हिएशन पुन्हा उघडता येतं. ते उघडा.

नवखी_मी

मग पटकन गोठवलं तर सगळे प्रश्न सुटतील? द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं, मायनस १९६. झटक्यात.

शीतगृह

प्रथिन पुढे ढकललं जात नाही हे खरं. पण बर्फाचे स्फटिक असंख्य आणि बारीक होतात, म्हणजे बर्फाचा एकूण पृष्ठभाग प्रचंड वाढतो, आणि आपण वर बघितलं की प्रथिनाचा त्रास पृष्ठभागाशीही आहे. मग वितळवताना हळू गेलात तर बारीक स्फटिक विरघळून मोठे वाढत राहतात, प्रथिन पुन्हा पुन्हा त्या सीमेवर घासलं जातं. म्हणून गोठवण्याचा वेग मध्यम आणि सारखा, वितळवण्याचा मात्र शक्य तितका झटपट, हलवत, पण पाण्याचं तापमान २५ च्या वर न नेता, हे मी वर्षानुवर्षं पाळलंय. प्रत्येक प्रथिनाचा स्वभाव वेगळा असतो, तेव्हा हे ब्रह्मवाक्य समजू नका.

शिवाय १० लिटरचा गोळा नायट्रोजनमध्ये टाकलात तर बाहेरचं कवच आधी गोठेल आणि आतलं नंतर फुगून ते फोडेल. एका थेंबाला जमतं ते कॅरबॉयला जमत नाही.

हातोडी

उपाय जाडी कमी करण्यात आहे. गोल कॅरबॉयऐवजी चपटी बॅग, दोन्ही बाजूंनी थंड प्लेट. उष्णतेला जेमतेम काही सेंटीमीटर जायचं असतं आणि प्रत्येक बॅगचा आलेख दुसऱ्यासारखाच येतो. मोठ्या मालासाठी आतून पट्ट्या असलेल्या जॅकेटच्या स्टीलच्या टाक्याही असतात, पण त्या धुवा, निर्जंतुक करा, परत पाठवा.

कोरडा_बर्फ

बॅगवाल्यांनो, एक मिनिट. मी वाहतुकीत आहे. बॅग म्हणजे आमच्या पोटात गोळा.

मायनस ७० ला बॅगेचं प्लास्टिक मऊ राहत नाही. कडेवर आपटली, नळीचा जोड कशाला घासला, तर बारीकशी चीर पडते. आणि गोठलेल्या अवस्थेत ती गळतच नाही! सगळं दगड. खोकं पोचतं, सही होते, आणि तीन दिवसांनी वितळवताना टेबलावर ओघळ दिसतो. मग फोन आम्हाला. सिलिकोनची नळी थंडीतही लवचिक राहते, बाकीच्या बऱ्याच नळ्या काडीसारख्या मोडतात. बॅग पाठवायची तर कडक कवचात पाठवा, नुसती खोक्यात नको.

दुसरं, कोरडा बर्फ. नावच घेतलंय तेव्हा बोलायलाच हवं. तो मायनस ७८.५ ला थेट वायू होतो, आणि तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. प्रवासात खोकं त्यानेच भरलेलं असतं. थंडीत झाकणाचा रबर आकसतो आणि वायू बाटलीतल्या रिकाम्या जागेत शिरतो. वितळवताना तो द्रावणात विरघळतो आणि पीएच खाली. एकदा एका ग्राहकाने 'तुमच्या गाडीत पीएच बदलला' म्हणून कळवलं, आम्ही सगळे हसलो. नंतर कळलं ते बरोबर होते. तेव्हापासून पोचल्यावर बाटल्या काही काळ साध्या मायनस ७० च्या फ्रीजरमध्ये ठेवून मगच वितळवा असं सांगतो, म्हणजे शिरलेला वायू निघून जायला वेळ मिळतो.

अर्धवट_रसायनी

पीएच दुसऱ्या वाटेने पण आला! माझा दिवस सार्थकी लागला.

पिपेटवाला

तुम्हा सगळ्यांचे आभार. एक व्यावहारिक प्रश्न. आमचा स्थिरतेचा सगळा अभ्यास ३० मिलिलिटरच्या छोट्या बाटल्यांवर झालाय. त्यात पाच वेळा गोठवून-वितळवून काहीही बदल नाही. मग १० लिटरचं काय समजायचं?

क्यूएताई

आयसीएच क्यू५सी छोट्या डब्यांना परवानगी देतं, डबा त्याच मालाचा आणि झाकणाची पद्धत तीच असेल तर. हे १९९५ पासून असंच आहे आणि योग्यही आहे, कारण प्रत्येक महिन्याला १० लिटर बल्क कोण फोडणार? पण ती छोटी बाटली तुम्हाला काळाबद्दल सांगते, म्हणजे त्या तापमानाला इतके महिने राहिल्यावर काय होतं. गोठण्या-वितळण्याच्या प्रवासाबद्दल ती फारसं बोलत नाही. तास-दीड तासात गोठणारी बाटली आणि दीड दिवस घेणारा कॅरबॉय यांची तुलना कशी होईल? निदान एकदा तरी खऱ्या आकाराचा, खऱ्या भरलेल्या फ्रीजरमध्ये, सगळ्यात वाईट जागी ठेवलेला कॅरबॉय थर्मोकपल लावून गोठवा. अ‍ॅग्रीगेट बघा, १० आणि २५ मायक्रॉनच्या वरचे कण मोजा, आणि सांद्रता वरून, मधून, तळातून.

शीतगृह

प्रथिन वाया घालवायचं नसेल तर आधी नुसत्या बफरवर करा. प्रथिनाशिवाय, साखरेसकट, आणि त्यात थोडा रंग. गोठल्यावर कापून बघा. मॅनेजमेंटला आकड्यांच्या तक्त्यापेक्षा ते लवकर कळतं, हा स्वानुभव.

निवांत_वाचक

वाचनखूण साठवली. पुढचा भाग कधी?

पिपेटवाला

पुढचा भाग घेऊनच आलोय, अकरा दिवसांनी.

प्लासिबो, म्हणजे प्रथिन नसलेल्या, बफरमध्ये निळा रंग टाकून १ लिटरच्या दोन बाटल्या केल्या. एक रिकाम्या फ्रीजरमध्ये सगळीकडून मोकळी, दुसरी भरलेल्या फ्रीजरमध्ये मधोमध, चहूबाजूंनी गोठवायचा माल. दुसऱ्या दिवशी हॅकसॉने उभ्या चिरल्या. हात बधिर झाले, करवतीचं पातं दोनदा अडकलं, पण काम झालं.

मोकळ्या बाटलीत फिकट निळा, कडेला जरा पांढरट, बाकी बऱ्यापैकी सारखा. कोंबलेल्या बाटलीत मात्र कडेला बोटभर रुंद जवळजवळ पारदर्शक बर्फ, आणि आत तळापासून वरपर्यंत शाईसारखा गडद गाभा, तळाशी पसरलेला. पेरासारखा आकार. मी ते तुकडे ट्रेमध्ये ठेवून थेट सीनियरच्या टेबलावर नेले. ते वितळायला लागले तसा निळा रंग आधी ओघळला आणि पांढरा बर्फ मागे राहिला. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

हातोडी

फोटो?

पिपेटवाला

कंपनीच्या आत कॅमेरा चालत नाही हो.

शीतगृह

वर उंचवटा आला होता का?

पिपेटवाला

कोंबलेल्या बाटलीत आला होता, झाकणाला टेकायला थोडाच राहिला होता. १० लिटरच्या कॅरबॉयची भरण्याची पातळी आता पुन्हा बघतोय.

क्यूएताई

आणि ते डेव्हिएशन?

पिपेटवाला

काल पुन्हा उघडलं. मूळ कारणात आता 'वितळवल्यानंतर मिश्रणाची पायरी नाही' असं आहे, माझं नाव कुठेही नाही. त्याच बॅचचे चार कॅरबॉय अजून फ्रीजरमध्ये आहेत. ते कसे वितळवायचे यावर सोमवारी मीटिंग. शीतगृह, २५ अंशांच्या वर नको म्हणालात, पण हलवायचं किती जोरात? आमच्याकडे रॉकर (डुलवणारं यंत्र) आहे, मिनिटाला १० ते ४० फेऱ्या.

शीतगृह

पाण्याने भरलेल्या कॅरबॉयवर आधी बघा. कडेला फेसाची रेघ ज्या वेगाला येते त्याच्या बऱ्याच खाली राहा. बर्फ सुटून तरंगायला लागला की आणखी कमी करा, नाहीतर तो तुकडा आतून भिंतीवर आपटत राहतो. सगळा विरघळल्यावर पुन्हा वाढवा, धूसर रेघा जाईपर्यंत. आणि नमुना वरून एक, खालून एक. दोन्ही आकडे इथे टाका.